जुन्या गंगेची हद्द

तात्या शेळक्यांनी माझ्या साखळीवर पाय ठेवला आणि म्हणाले, "हितून म्होरं न्हाई."

मी आधी त्यांच्या पायाकडे पाहिलं, मग साखळीकडे. मोजणीची लोखंडी साखळी तेहतीस फूट लांब असते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. मोजणीदाराचं सगळं जग एवढ्यात मावतं. माझं जग त्या दिवशी तात्यांच्या वहाणेखाली होतं.

"तात्या, मी तुमच्या विरुद्ध मोजायला आलेलो नाही."

"मग कुनासाठनं आलाय?"

"ऑफिसनं पाठवलंय."

"हापिस इंग्रजी, आमी बी इंग्रजीतलं. मग मोजायचं काय त्यात? जिमीन आमची हाय, आसं लिवा आन जावा."

त्यांच्या मागे त्यांचे चार भाऊबंद उभे होते. कोणी हातात काठी घेतलेली नव्हती, पण विळे होते. सभोवार गुडघाभर वाढलेला गहू होता. काम थांबवून मी रानाच्या कडेला असलेल्या चौथऱ्यावर जाऊन बसलो. साखळी ओढणारे माझे दोन गडी तंबाखू मळायला लागले.

मी त्या वेळी नगर जिल्ह्याच्या जमीन मोजणी खात्यात होतो. नोकरीला आठ वर्षं झाली होती. लढाई संपून दीडएक वर्ष झालं होतं. इंग्रज जाणार हे सगळ्यांना कळलं होतं, कधी जाणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी ज्या गावात बसलो होतो त्याला पिंपळवेढे म्हणू. नेवासे तालुक्याच्या अगदी टोकाला, गोदावरीच्या दक्षिण काठावर. गोदावरीला तिकडे सगळे गंगाच म्हणतात. गंगेच्या अलीकडे आमचा इंग्रजी मुलूख. पलीकडे हैदराबाद संस्थान, म्हणजे लोकांच्या तोंडी मोगलाई. तिकडचं नाणं वेगळं, कोर्ट वेगळं, दप्तराची भाषा वेगळी. घाटावर उतरलं की जकातीचा नाका. आणि नदी एवढीशीच, की हिवाळ्यात या काठावरून त्या काठावरच्या म्हशी मोजता याव्यात.

भांडण साधं होतं. पूर्वी गंगा इथे दक्षिणेकडे मोठं वळण घ्यायची. त्या वळणाच्या पोटात उत्तरेकडून जिभेसारखी जमीन आलेली होती. सत्तर एकरांच्या आसपास. ती पलीकडच्या तांबेगावची. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा गंगा वळण सोडून उत्तरेकडून सरळ वाहत होती. ती जीभ आता नदीच्या अलीकडे, आमच्या काठाला चिकटलेली. मधलं जुनं पात्र कोरडं पडलं. लोक त्याला जुनी गंगा म्हणायला लागले. काही वर्षं त्या जमिनीवर नुसती वाळू होती, कोणी फिरकलं नाही. मग पिंपळवेढ्याच्या शेळक्यांनी वरवरची वाळू उपसली, शेणखत घातलं आणि गहू केला. गहू चांगला आला, तेव्हा तांबेगावाला जमीन आठवली.

दोन शेतकऱ्यांचं भांडण असतं तर मामलेदार पुरला असता. इथे एक शेतकरी एका राज्यातला, दुसरा दुसऱ्यातला. अर्ज गेले ते नगरला आणि औरंगाबादला. तिथून वर कुठे कुठे गेले. शेवटी ठरलं, की दोन्हीकडचा एकेक मोजणीदार पाठवायचा आणि त्यांनी मिळून एक नकाशा करायचा.

मी निघण्याआधी आमच्या बापटसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ही रेघ दिसते का, जोशी?"

"गंगा आहे, साहेब."

"ती गंगा झाली. तिच्यातून हद्दीची तुटक रेघ जाते ती पाहा. आज तिला कोणी विचारत नाही. तिकडचा संस्थानिक आणि इकडचं सरकार, दोघांच्या वर एकच छत्री आहे. उद्या ती छत्री मिटली तर?"

मी त्या तुटक रेघेकडे पाहिलं.

"उद्या ही रेघ दोन देशांमधली सरहद्द होऊ शकते. आणि त्यांचे सत्तर एकर आपल्या काठावर. नदी ओलांडायची गरज नाही, पूल नको, होडी नको. तिथे त्यांनी चार खोल्यांची चौकी बांधली तर आपण काय म्हणणार? जमीन त्यांची आहे म्हणून गप्प बसणार?"

मला हे सुचलं नव्हतं. आठ वर्षं मी बांध मोजत होतो. एखाद्या शेताचा बांध उद्या देशाचा बांध होईल असं मनात कधी आलं नव्हतं.

"तेव्हा रिपोर्टात एक शब्द आला पाहिजे," साहेब म्हणाले, "ग्रॅज्युअल. नदी हळूहळू सरकली. हा एक शब्द आला की झालं."

"तसं झालं असेल तर लिहीन, साहेब."

"झालंच असेल," साहेब म्हणाले आणि पुढची फाईल उघडली.

त्या एका शब्दात इतकं काय आहे ते मला कळलं नव्हतं. ते मला सांगितलं पलीकडून आलेल्या मोजणीदाराने.

तात्यांनी साखळी अडवली त्याच दुपारी कादरसाहेब होडीतून उतरले. पन्नाशीचे, किडकिडीत, डोक्याला लोकरी टोपी. स्वतःचं प्लेन टेबल त्यांनी चादरीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. प्लेन टेबल म्हणजे तीन पायांवरची सपाट फळी. तिच्यावर कागद ताणून लावायचा, डोळा लावायच्या पट्टीतून लांबची खूण पाहायची आणि जागेवरच नकाशा काढायचा. होडीवाल्याने हात पुढे केला तरी त्यांनी ते त्याच्याकडे दिलं नाही. मला माणूस आवडला.

आम्ही चौथऱ्यावर दोघांचे नकाशे शेजारी शेजारी पसरले. त्यांच्या नकाशावरचं उर्दू मला वाचता येत नव्हतं. माझ्या टिपणांमधली मोडी त्यांना येत नव्हती. रेघा मात्र दोघांना येत होत्या.

"तुमच्या साहेबांनी काय सांगून पाठवलं?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. "नदी हळूहळू सरकली असं लिहा, म्हणाले."

ते हसले. "आमच्या साहेबांनी सांगितलं, नदीने उडी मारली असं लिहा."

"पण त्याने काय होतं?"

"तुम्हाला ठाऊक नाही?" त्यांनी पानाचा डबा उघडला. "दुनियेत जिथे जिथे नदी सरहद्द आहे तिथे हे भांडण आहे, जोशीसाहेब. मोठमोठी राज्यं भांडली आहेत यावर. त्यातून एक कायदा निघाला. नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते. नदीने एका पुरात उडी मारली तर हद्द जुन्या कोरड्या पात्रातच राहते."

"असा फरक का?"

"हळू सरकते तेव्हा आज हातभर किनारा जातो, उद्या हातभर. कोणाचं काय गेलं ते दाखवता येत नाही. जुनी जमीन उरतच नाही. नदी तिला खाऊन पलीकडे नवी टाकते. पण उडी मारली तर जमीन आहे तिथेच असते. शेत तेच, बांध तेच, मालक तोच. फक्त पाणी इकडचं तिकडे गेलं. पाणी हललं म्हणून माणसाचा राजा बदलायचा का?"

मी त्या कोरड्या पात्राकडे पाहिलं. मला तोपर्यंत वाटायचं, की राज्यांच्या हद्दी राजे ठरवतात. इथे तर प्रश्न असा होता, की एका पावसाळ्यात पाण्याने नेमकं काय केलं.

"मग आपण लिहायचं काय?" मी विचारलं.

"ते जमिनीला विचारू," कादरसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही गावांच्या लोकांना चौथऱ्यावर बोलावलं. पलीकडून होडी आली. तिच्यात तांबेगावचे पाच-सहा जण होते आणि एक बाई होती. यमुनाबाई. चाळिशीच्या आतबाहेर, कपाळ मोकळं. त्या सत्तर एकरांतला मोठा तुकडा तिच्या सासऱ्यांचा होता. नवरा आणि सासरे दोघेही गेलेले, घरात दोन दीर आणि ती. होडीतून उतरून ती आमच्याकडे आली नाही. सरळ तात्या शेळक्यांच्या घरात गेली. अर्ध्या तासाने जेवून बाहेर आली.

मी तात्यांना विचारलं, "या तुमच्याकडे कशा?"

"म्हंजे? माज्या मेव्हन्याची बायको हाय ती. आमच्या मंडळीची भावजय."

मी कादरसाहेबांकडे पाहिलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. पुढे मला कळलं, की पिंपळवेढ्याच्या दर दुसऱ्या घरातली सून तांबेगावची होती. होडीने पाव तासाचं अंतर. नेवाशापेक्षा तांबेगाव जवळ. मुली नदीच्या हिशोबाने दिल्या जात होत्या, राज्याच्या नाही.

यमुनाबाईने जास्त बोलणं लावलं नाही. "आमच्या सासऱ्यानं त्या रानात हीर खनली हुती. दगडानं बांधलेली. मी नवी नवरी हुते तवा तिच्यावर मोट चालायची. पुरानंतर ती दिसंना झाली. हीर सापडली तर रान आमचं, न्हाई तर न्हाई."

कादरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांच्याही मनात एकच आलं. नदी हळूहळू त्या रानातून सरकत गेली असती, तर तिने जमिनीचा कण न् कण खणून काढला असता. विहीर उरली नसती. विहीर वाळूखाली उभी सापडली, तर नदी तिच्या वरून गेली, तिच्यातून नाही. सगळ्या राज्यकारभाराचं उत्तर एका विहिरीत होतं.

पण सत्तर एकरांत विहीर शोधायची कुठे? कुठेही खड्डे घ्यायचे तर शेळक्यांचा उभा गहू तुडवायचा.

"बाई, विहीर कुठे होती काही आठवतं?" मी विचारलं.

"आता कसं सांगू? समदं येकसारखं झालंय." तिने पलीकडच्या टेकड्यांकडे बोट केलं. "पर मोटंवर उबं ऱ्हायलं, की आमच्या गावच्या देवळाचा कळस त्या दोन टेकड्यांच्या बरूबर खिंडीत दिसायचा. सांजचं बगत बसायची मी. आन ह्या अंगाला मान वळवली, की तुमच्या गढीच्या बुरजामागं वडाचा शेंडा तेवडा दिसायचा. माज्या नंदंचं घर त्याच्या बुडाशी, म्हनून मी बगायची."

ती हे बोलली आणि मी उठून उभाच राहिलो. तिला कळलं नव्हतं, पण तिने आम्हाला दोन सरळ रेघा दिल्या होत्या. खिंड आणि कळस या दोन खुणा जोडून रेघ पुढे वाढवली, तर ती विहिरीवरून जाणार. वड आणि बुरूज जोडून रेघ वाढवली, तर तीही विहिरीवरून जाणार. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे विहीर. मोजणीदाराला याहून जास्त काही लागत नाही. एका नव्या नवरीने गावच्या कळसाकडे आणि नणंदेच्या घराकडे बघत आमचं सगळं काम करून ठेवलं होतं.

आम्ही दोघांनी आपापल्या टेबलांवर स्वतंत्रपणे रेघा काढल्या. दोघांची जागा दोन हातांच्या फरकाने सारखी आली. खणायला दोन गडी पिंपळवेढ्याचे आणि दोन तांबेगावचे घेतले, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको. तात्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं. मग बायकोने घरातून काहीतरी सांगून पाठवलं आणि ते बाजूला झाले.

खड्डा कंबरेइतका खोल गेला. वाळू. छातीइतका गेला. वाळूच. मग खाली काळी माती लागली, पण दगड नाही. तांबेगावचे लोक खाली मान घालून उभे राहिले. शेळके एकमेकांकडे बघायला लागले. तात्यांचे एक भाऊबंद म्हणाले, "झालं का समाधान?"

मी टेबलापाशी परत गेलो. रेघा पुन्हा तपासल्या. चूक नव्हती. कादरसाहेबांनी पान थुंकलं आणि यमुनाबाईला विचारलं, "अम्मा, तो कळस तेव्हा पण तिथेच होता ना?"

"न्हाई की. जुनं देऊळ त्याच पुरात पडलं. हे नवं, जरा वरच्या अंगाला बांधलंय. जुन्याचं जोतं हाय अजून, बाभळीत."

कादरसाहेब हसले नाहीत. स्वतःच होडीत बसून पलीकडे गेले. तासाभराने तांबेगावच्या बाभळीत एक लाल झेंडी वर झाली. मी पट्टी त्या झेंडीवर लावली आणि रेघ पुन्हा काढली. नवी जागा जुन्या खड्ड्यापासून पावणेदोन साखळ्या पूर्वेला आली.

खणायला सुरुवात झाली तेव्हा दुपार कलली होती. या वेळी फार खोल जावं लागलं नाही. गुडघ्याच्या वर खड्डा झाला आणि पहार खणकन वाजली. गड्यांनी हाताने वाळू बाजूला केली. घडीव दगडाची गोल कड दिसली. एका दगडावर बोटभर खोल खाच होती, गुळगुळीत. मोटेचा दोर वर्षानुवर्षं घासून पडलेली. बाजूला वाळूखाली काळी माती जशीच्या तशी, आणि बांधाचे दगड एका ओळीत.

यमुनाबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने त्या खाचेत बोट घातलं. मी तात्यांकडे पाहिलं. ते विहिरीकडे बघतच नव्हते.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"तिसऱ्या वर्सी फाळ लागला हुता हितं. खाली वाकून बगितलं. सासऱ्याची हीर म्या वळखली. आमच्या लग्नात हितंच पंगत बसली हुती." त्यांनी मुंडाशाचं टोक सोडून तोंड पुसलं. "माती लोटली वर. घरात बी बोललो न्हाई."

त्यांची बायको मागे उभी होती. तिचं माहेर ते. तिने नवऱ्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. चार भाऊबंदांच्या जोरापेक्षा त्या एका नजरेचा जोर जास्त होता.

थोड्या वेळाने यमुनाबाई म्हणाली, "दाजी, वाळू किती वर्सं उपसली तुमी?"

"आट."

"किती गाड्या?"

"मोजल्या न्हाईत."

"मंग रान आमचं आन मेहनत तुमची. निम्मं निम्मं करू. मी तरी होडीत औत घालून रोज कशी येनार हाय?"

तात्यांच्या भाऊबंदांनी कुरकुर केली. दोन दिवस घराघरांत बोलणी चालली. पण शेवटी तसंच ठरलं. दोन सरकारांना इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते एका विहिरीच्या काठावर झालं. आम्ही दोघांनी ते ऐकलं, पण नकाशात लिहिलं नाही. आमचं काम हद्दीचं होतं.

नकाशा एकच केला. त्यावर दोघांच्या सह्या. हद्द जुन्या गंगेतून. विहिरीची जागा दोन रेघांसकट. मी रिपोर्टात लिहिलं, नदीने एका पुरात पात्र बदललं, जमीन हलली नाही.

बापटसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"ग्रॅज्युअल कुठे आहे?"

"तसं झालं नव्हतं, साहेब."

"ही विहीर कोणी कोणी पाहिली?"

"दोन्ही गावांनी."

साहेबांनी रिपोर्ट मिटवला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथे सांगितलं पाहिजे. त्यांना वाटणारी भीती खोटी नव्हती. "तू बरोबर मोजलंस," ते म्हणाले. "पण तू फक्त जमीन मोजलीस. उद्या काय होईल ते मोजलं नाहीस."

"ते माझ्या साखळीत बसत नाही, साहेब."

हे मी बोलायला नको होतं. महिन्याभरात माझी ट्रान्सफर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात झाली. तिथे नद्या कातळातून वाहतात आणि जागा बदलत नाहीत. तीन वर्षं मी कडे मोजत होतो.

रिपोर्ट वर गेला आणि वरच राहिला. त्या वर्षी गहू निघाला. यमुनाबाईचा निम्मा वाटा बाजूला काढला, पण तो पलीकडे नेता येईना. लढाईच्या दिवसांपासून धान्य एका मुलुखातून दुसऱ्यात न्यायला बंदी होती. पीक मोगलाईच्या जमिनीतलं, मालकीण मोगलाईतली, पण गहू उभा इंग्रजी काठावर. मोगलाईच्या जमिनीतला गहू मोगलाईत न्यायला परमिट लागणार होतं. अर्ज कोणाकडे करायचा ते कोणाला सांगता येईना. तात्यांनी तिचा वाटा स्वतःच्या घरातल्या कणगीत भरून ठेवला आणि वर शेणाने लिंपून टाकला.

त्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात पंजाब आणि बंगालच्या हद्दी काढायचं काम सुरू झाल्याचं आलं. मी अकोल्याला कचेरीच्या पडवीत त्यात छापलेला नकाशा पाहिला. कुठे रेघ नदीवरून जाईल असं लिहिलं होतं, कुठे कालव्यावरून. काम आठवड्यांत संपवायचं होतं. आम्हाला सत्तर एकरांना पंधरा दिवस लागले होते, तेही एका बाईला सगळं आठवत होतं म्हणून. त्या रेघेखाली किती विहिरी असतील आणि कोणाला कोणाला काय आठवत असेल, याचा विचार करत मी जेवायला उशिरा गेलो. एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

मग इंग्रज गेले. हैदराबादचं काय ते वर्षभर ठरलं नाही. बापटसाहेब म्हणाले होते तसंच झालं. छत्री मिटली आणि गंगेतली तुटक रेघ खरोखरीची सरहद्द झाली. होड्या बंद पडल्या. आमच्या काठावर पोलीस आले. आणि आमच्या काठावर सत्तर एकर परक्या मुलखाचे, माझ्या सहीचे.

मला रोज वाटायचं, आज तिथे चौकी बसेल. ती बसली नाही. कारण साधं होतं. ती जमीन कागदाने पलीकडच्यांची होती, पण तिथे यायला मधे गंगा होती. नकाशावरून चौकी सहज बसते. प्रत्यक्षात तिथे रसद न्यायची तर होडी लागते, आणि या काठावर सगळे बघत बसलेले. बापटसाहेबांची भीती नकाशापुरती बरोबर होती.

चौकीऐवजी माणसं आली. त्या वर्षी पलीकडे मारझोड, जाळपोळ वाढली, तशी गावंच्या गावं नदी ओलांडून इकडे यायला लागली. यमुनाबाई दोन दिरांच्या पोराबाळांसकट एका पहाटे भोपळ्यांच्या सांगडीवरून उतरली. तात्यांनी तिला घरात ये म्हटलं. ती म्हणाली, "माजं रान हाय की हितं." विहिरीपाशी तिने खोप घातली. तात्यांनी कणगी फोडली. तिचा अडकून पडलेला गहू त्या घराने पाच महिने खाल्ला. परमिट मिळालं असतं तर तो पलीकडे गेला असता आणि काय झालं असतं कोण जाणे.

हे मला नंतर तात्यांनी सांगितलं. हैदराबाद भारतात आलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी रजा काढून पिंपळवेढ्याला गेलो होतो. होड्या चालू झाल्या होत्या. जकातीच्या नाक्यात कोणीतरी शेरडं बांधली होती. विहिरीवर नवीन मोट होती. यमुनाबाई परत पलीकडे राहायला गेली होती, पण पेरणीला आली होती. तिने मला वांगी बांधून दिली. तात्यांची बायको म्हणाली, "हे आता हीर दाखवायला पावन्यांना घिऊन जात्यात. जनू ह्यांनीच खनली."

पुढे बदली होऊन नगरच्या ऑफिसात परत आल्यावर मी ती फाईल शोधली. शेवटच्या पानावर कोणीतरी शेरा मारला होता, प्रश्न आता उरलेला नाही, फाईल बंद करावी. सही वाचता येत नव्हती. बापटसाहेब तोवर रिटायर झाले होते. त्यांना पेन्शनीच्या कामाला आलेले एकदा पाहिलं. त्यांनीच विचारलं, "तुझी चौकी झाली का?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "बरं झालं. पण होऊ शकली असती." ते खरंच होतं.

कादरसाहेबांना मी पत्र टाकलं होतं. त्या दिवसांत पलीकडच्या कोणाचं काय झालं असेल सांगता येत नव्हतं, म्हणून मी भीतभीतच टाकलं. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. मराठीत, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, खाली त्यांची उर्दू सही. ते औरंगाबादेतच होते, त्याच नोकरीत. लिहिलं होतं, "आता आपल्या नदीत सरहद्द नाही, फक्त प्रांतांमधली हद्द आहे. नदीला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा अर्धी साखळी दक्षिणेला सरकली. या वेळी हळूहळू."

पुढे मी आणखी पुष्कळ वर्षं मोजण्या केल्या. हाताखाली नवे मोजणीदार आले. एखादा हौसेने नकाशावर नदीच्या निळ्या रेघेवरच हद्दीची काळी रेघ ओढायचा आणि खाली लिहायचा, हद्द नदीप्रमाणे. मी कागद परत करायचो.

"काय चुकलं, साहेब?"

"चुकलं काही नाही. फक्त साल लिहा."

"कसलं साल?"

"नदीचं," मी म्हणायचो.